आधी हात, मग पाकीट : मुंबईतल्या कॉइन फेअरला जाताना

पहिल्यांदा कॉइन फेअरला, म्हणजे जुन्या नाण्यांच्या मेळ्याला, गेलो तेव्हा हॉलमध्ये शिरून वीस मिनिटंही झाली नव्हती आणि माझ्या खिशात एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, होती. दीड हजार मोजले. पुढच्या बाजूला ‘श्री राजा शिव’, मागे ‘छत्रपति’, अक्षरं पूर्ण, एकही कापलेलं नाही. डोंबिवलीला परतताना गाडीत तीनदा बाहेर काढून बघितली. घरी भिंगाखाली धरली तर कडेवरून एक बारीक रेघ गोल फिरलेली दिसली, प्लॅस्टिकच्या खेळण्याला दोन साचे जुळतात तिथे असते तशी. ओतीव माल! खरी शिवराई ओतलेली नसते, तांब्याच्या चकतीवर ठसा मारून पाडलेली असते. बिल घेतलं नव्हतं, टेबलाचा नंबरही आठवत नव्हता.

पुढच्या वर्षी तीच शिवराई घेऊन एका जुन्या संग्राहकाकडे गेलो. त्यांनी काही न बोलता स्वतःच्या अल्बममधली एक काढून माझ्या तळहातावर ठेवली. ‘‘ही धर. आता डोळे मिट आणि कडेवरून बोट फिरव.’’ बोटाला कुठे धार लागली, कुठे चकती छिन्नीने तोडल्याची खोच लागली. मग म्हणाले, ‘‘आता तुझी घे.’’ माझी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती. ‘‘काका, हे मला आधी कोणी सांगितलं नाही,’’ मी म्हणालो. ‘‘सांगून कळत नाही रे, हाताला कळावं लागतं.’’

कॉइन फेअरचा खरा फायदा हाच. संग्रहालयात नाणं काचेआड असतं, मोबाइलवर फोटो असतो. दोन-तीन दिवस शेकडो अस्सल नाणी हातात घेऊन बघायला मिळतील अशी जागा फेअरच. म्हणून खालची सगळी तयारी एकाच हिशेबाने लिहिली आहे : आधी हात तयार करायचा, मग पाकीट काढायचं.

जाण्याआधीचे पंधरा दिवस

मोठ्या फेअरमध्ये सगळं असतं. ठसेमार नाणी (छोट्या चिन्हांचे ठसे मारलेली प्राचीन नाणी), सातवाहनांची शिशाची नाणी, मोगल, मराठे, संस्थानं, ईस्ट इंडिया कंपनी, राणीछाप, प्रजासत्ताकाची नाणी, नोटा, टोकनं, पदकं आणि एका कोपऱ्यात हमखास पोस्टाची तिकिटं. ‘बघू काय मिळतं ते’ म्हणत गेलात तर सगळंच हवंसं वाटतं आणि घरी दहा दिशांची दहा नाणी येतात. म्हणून आधी एक विषय ठरवा, तोही लहान.

नवख्याने राजा-महाराजांपासून सुरुवात करायची गरज नाही. ‘नाण्यांवरचा महाराष्ट्र’ हा विषय घ्या. १९९० चा डॉ. आंबेडकरांचा एक रुपया, १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया, त्याच वर्षीचे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये, २००२ चे संत तुकारामांचे दोन रुपये, २००७ चे लोकमान्य टिळकांचे पाच रुपये. ही चलनात आलेली नाणी आहेत, खिशाला परवडतात. त्यात पुढची पायरीही आहे : त्याच नाण्याची वेगवेगळ्या टाकसाळींची रूपं शोधायची. सालाखाली बघा. चौकोनी हिऱ्यासारखी खूण असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. १९८८ नंतरच्या साध्या नाण्यांना एवढं पुरतं. जुन्या नाण्यांत या खुणांचे पोटप्रकार निघतात, तेव्हा तिथे घाई नको.

विषय ठरला की कागदावर यादी करा. काय आहे, काय हवं आणि त्यासाठी जास्तीत जास्त किती द्यायचे. हा तिसरा रकाना घरी, शांत डोक्याने भरायचा. लिलाव करणाऱ्या संस्थांचे जुने निकाल इंटरनेटवर मिळतात, त्यावरून अंदाज बांधा. विक्रीच्या वेबसाइटवर कोणी काय भाव लावलाय ते बघू नका. मागितलेला भाव वेगळा, मिळालेला वेगळा.

फोर्टात एक फेरी मारून या. सर पी. एम. रोडवरच्या अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे. २००४ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ठसेमार नाण्यांपासून आजच्या नोटेपर्यंतचा क्रम तिथे एका फेरीत डोक्यात बसतो. जाण्याआधी वेळ आणि सुट्टी तेवढी तपासा. तिथून थोड्या अंतरावर शहीद भगतसिंग रोडवर मुंबईची टाकसाळ आहे. तिची इमारत १८२९ मध्ये पुरी झाली. आत तुम्हाला कोणी सोडणार नाही, पण हिऱ्याची खूण कुठून येते ते बाहेरून का होईना बघून ठेवा. वेळ उरला तर काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली नाणी बघा.

पिशवीत काय

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग. बोट झाकेल एवढंच मिळतं आणि तेवढंच हवं, वाचनाचं मोठं भिंग कामाचं नाही. खिशात मावणारा वजनकाटा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. लहानसा चुंबक. मऊ कापडाचा हातरुमालाएवढा तुकडा. टू बाय टूची (दोन इंची चौकोनी, नाणं ठेवायची) दहा-वीस होल्डर्स, पेन्सिल, वही. पट्टा छातीवरून येणारी, पुढे राहणारी बॅग.

पैसे बहुतेक टेबलांवर यूपीआयने चालतात, पण माणसांनी भरलेल्या बंदिस्त हॉलमध्ये नेटवर्क ऐनवेळी मान टाकतं. शिवाय शंभर-दोनशेच्या नाण्यासाठी रोख हातात असली की घासाघीस सोपी जाते. म्हणून शंभर-पाचशेच्या नोटा ठेवा आणि ठरवलेली रक्कम वेगळ्या पाकिटात. ते पाकीट संपलं की खरेदी संपली.

डबा घरचा न्या किंवा बाहेर जाऊन खा, पण वडापाव खाऊन तसेच टेबलाशी येऊ नका. तेलकट बोटाचा ठसा चकचकीत नाण्यावर कायमचा उमटतो. तो विक्रेत्याला दिसतोच, तोंडावर बोलत नाही एवढंच.

पोहोचणं

मुंबईत असे मेळे बऱ्याचदा दक्षिण मुंबईत, कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरसारख्या जागी भरतात. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून बस-टॅक्सी होतीच. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो-३ थेट कफ परेडपर्यंत जाते, त्यामुळे आरे, अंधेरी, बीकेसी, दादरकडच्यांचं काम सोपं झालंय. मध्य रेल्वेवाल्यांनी सीएसएमटीला उतरून मेट्रो धरावी. परतताना बॅगेत माल असेल तर संध्याकाळची गर्दीची लोकल टाळा, तासभर उशीर झाला तरी चालेल.

मेळा बहुतेक शुक्रवार ते रविवार असतो. पहिल्या दिवशी सकाळी जुने संग्राहक आणि विक्रेते आपापसात खरेदी करतात. चांगला माल तेव्हाच हलतो, आणि भावही तेव्हाच चढा. रविवारी दुपारनंतर विक्रेत्याला सामान आवरायचं असतं, भाव उतरतो, पण ट्रेमध्ये उरलेलंच असतं. नवख्याने शुक्रवारी फक्त बघावं आणि शनिवारी-रविवारी घ्यावं. एकच दिवस जमणार असेल तर दुपारच्या जेवणापर्यंत पाकीट बंद.

पहिली फेरी

दारातून आत गेल्यावर उजवीकडून सुरुवात करून सगळी टेबलं नुसती बघत जा. वहीत टेबल नंबर, काय आवडलं, काय भाव सांगितला, एवढंच. सारखं नाणं तीन टेबलांवर तीन भावांना दिसतं. पहिल्याच टेबलावर घेतलं असतं तर हे कधी कळलं नसतं.

या फेरीत आणखी एक गोष्ट दिसते, ती माझ्यासारख्याला फार उशिरा कळली. दोन वेगळ्या टेबलांवर एकाच प्रकारची नाणी बघताना त्यांवरचे खड्डे आणि ओरखडेही जुळवा. हाताने ठसा मारलेल्या नाण्यांत ठसा एक असू शकतो, पण ‘रा’च्या कान्यावरचा खड्डा आणि कडेची खोच दोन्ही नाण्यांवर तंतोतंत सारखी असेल तर ती दोन्ही एका तिसऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली आहेत. ते तिसरं नाणं खरं असेलही, पण ते त्या दोन टेबलांवर नाही.

टेबलाशी कसं वागायचं

हात लावण्याआधी विचारा. ‘‘काका, हे बघू का?’’ एवढं पुरतं. नाणं नेहमी कडेने धरायचं, अंगठा आणि पहिलं बोट, चेहऱ्यावर बोट नाही. हात टेबलाच्या वरच ठेवायचा आणि खाली आपलं कापड. निसटलं तर कापडावर पडेल, फरशीवर नाही. चांदीचं जुनं नाणं फरशीवर पडून कडेला दबलं तर त्याचा भाव किती उतरेल हे विक्रेता तुम्हाला तिथेच सांगेल, आणि त्याचं बरोबर असेल.

आपल्याकडे रुपया ‘वाजवून घ्यायची’ सवय जुनी. आजोबा दगडावर आपटून आवाज ऐकायचे. फेअरमध्ये ते करू नका. खणखणीत आवाजासाठी दुसऱ्याच्या नाण्याची कड खराब करायचा हक्क आपल्याला नाही, आणि आताचे नकली बनवणारे आवाजही जुळवून आणतात.

एका वेळी एकच नाणं हातात घ्या. विक्रेत्याच्या मनात मोजणी चालू असते, चार नाणी एकदम उचललीत की तो अस्वस्थ होतो. शेजारचा गिऱ्हाईक एखाद्या नाण्याचा भाव करत असेल तर मध्ये तोंड घालायचं नाही. ते नाणं तुम्हालाही हवं असलं तरी त्याने खाली ठेवेपर्यंत थांबायचं. आणि नाणं खोटं वाटलं तर मोठ्याने ‘हे डुप्लिकेट आहे’ म्हणायचं नाही. परत ठेवा, ‘धन्यवाद’ म्हणा, पुढे चला. तुमचं चुकलेलंही असू शकतं.

खरं-खोटं

इथे थोडं थांबू, कारण पैसे इथेच वाचतात.

वजनापासून सुरू करा. १८३५ पासून ब्रिटिश इंडियाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, आणि १९३९ पर्यंत त्यात ९१.७ टक्के चांदी. वापरून झिजलेला रुपया ११.४-११.५ भरला तर चालतं. १०.८ भरला तर प्रश्न विचारायचे. १९४० पासून चांदी अर्ध्यावर आली आणि १९४६-४७ चा रुपया तर निकेलचा. शुद्ध निकेल चुंबकाला चिकटतं, चांदी चिकटत नाही. म्हणून १९४७ चा रुपया चुंबकाला चिकटला तर घाबरू नका, राणीछाप चिकटला तर घाबरा.

मराठी नाण्यांना वजन एवढं नेमकं लागू पडत नाही. शिवराईच साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या मध्ये कुठेही असते आणि तिच्यावरचं लिखाणही एकसारखं नाही : कुठे ‘शिव’ तर कुठे ‘सिव’, ‘छत्रपति’ची तर किती रूपं. त्यामुळे शुद्धलेखन चुकलं म्हणून नाणं खोटं ठरत नाही. उलट चकती लहान आणि ठसा मोठा असल्याने बहुतेक शिवरायांवर अक्षरं कडेला कापली जातात. सगळी अक्षरं पूर्ण, मध्यभागी आणि भाव मात्र फेअरमधला सगळ्यात कमी, असं दिसलं की माझी दीड हजारांची शिवराई आठवा. सोन्याच्या शिवराई होनाच्या वाटेला तर नवख्याने जाऊच नये. तो जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा असतो, आणि त्याच्या नकला बाजारात ढिगाने आहेत.

भिंगाखाली काय बघायचं? ठसा मारलेल्या नाण्यात अक्षराची कड सपाट जमिनीतून एकदम वर उठते, दाबामुळे धातू बाहेरच्या बाजूला वाहत गेल्याच्या बारीक रेषा दिसतात. ओतलेल्यात अक्षरं उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखी मऊ होतात आणि सपाट भागावर सुईने टोचल्यासारखी छिद्रं असतात. मग कड बघा. राणीछाप रुपयाच्या कडेचे दाते एकसारखे आणि पूर्ण फेरीचे हवेत. काही ठिकाणी दाते कानशीने घासून केल्यासारखे वाटले तर ठेवून द्या.

साल बघतानाही डोळा तिरका ठेवा. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मीळ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही सगळ्यात जास्त. शेवटचा आकडा बदललेला असतो किंवा सगळं नाणंच नकली. नावाजलेल्या संस्थेकडून तपासून सीलबंद झालेलं नसेल तर पहिल्या दोन-तीन वर्षांत ते घेऊ नका. सीलबंद डबीतलं, म्हणजे ‘स्लॅब’मधलं असलं तरी डबीवरचा नंबर त्या संस्थेच्या साइटवर टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडा. डब्यांच्याही नकला येतात.

१८६२ चा व्हिक्टोरिया रुपया मात्र शिकायला उत्तम. १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर साल १८६२ च राहिलं. खरं वर्ष ओळखायला ठिपक्यांची योजना होती, त्यामुळे एकाच सालाचे कितीतरी प्रकार झाले. एकाच ट्रेमधले पाच रुपये काढून भिंगाने ठिपके मोजत बसा. विक्रेता हसून खुर्ची देईल. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपयाही हातात घेऊन बघा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि बोंबाबोंब झाली, म्हणून १९१२ पासून चित्र बदललं. तो ‘डुकराचा रुपया’ भिंगाखाली बघितलात की सोंड शोधायला दोन सेकंद लागतात, हे खरं.

प्राचीन नाण्यांच्या टेबलावर नहपान या क्षत्रप राजाची चांदीची लहान नाणी दिसली तर थांबा. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभीला त्याच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नाणं प्रकाशात तिरकं धरलं की क्षत्रपाच्या नाकावर तीन कमानींचा चैत्य उमटलेला दिसतो. एका राजाने दुसऱ्याला हरवलं ही गोष्ट बोटाच्या पेरावर मावते! विकत घ्यायची ऐपत नसली तरी ‘काका, बघू का’ म्हणायला पैसे लागत नाहीत.

पाण्याची परीक्षा टेबलावर करू नका, ती घरची. वाटीत पाणी घेऊन काट्यावर ठेवायची, आकडा शून्य करायचा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरायचं. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागायचं, म्हणजे धातूची घनता कळते. ११.६६ ग्रॅमच्या चांदीच्या रुपयाला आकडा १.१३ च्या आसपास येतो, भागाकार १०.३ च्या जवळ. जर्मन सिल्व्हर (नुसता चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू) असेल तर आकडा १.३ च्या पुढे जातो आणि भागाकार पावणेनऊच्या आत राहतो. आधी चार साध्या, खात्रीच्या रुपयांवर हात बसवा.

नोटांचं थोडक्यात : नोट उजेडासमोर धरा. पिना टोचल्याची भोकं जुन्या नोटांना असतातच, कारण गड्ड्या पिना मारून बांधत. धुऊन इस्त्री केलेली नोट कोरी दिसते, पण बोटाला कुरकुरीत लागत नाही आणि घडीची रेघ उजेडात उघडी पडते.

भाव करताना

होल्डरवर पेन्सिलने लिहिलेला भाव ही सुरुवात असते. तरी निम्म्याने मागू नका. ही फॅशन स्ट्रीट नाही. दहा-पंधरा टक्के उतरणं सर्वसाधारण, आणि एकाच टेबलावरून चार नाणी घेतलीत तर जास्त. माझा एक संवाद जवळपास ठरलेला असतो.

‘‘शेठ, या तिघांचे मिळून काय?’’

‘‘साडेनऊशे.’’

‘‘यातल्या दुसऱ्याच्या कडेला मार लागलाय बघा.’’

तो भिंग लावतो. ‘‘बरोबर आहे. आठशे द्या.’’

‘‘साडेसातशे, आणि रोख.’’

‘‘घ्या. पण बोहनी आहे, पुन्हा यायचं.’’

यातलं महत्त्वाचं वाक्य ‘कडेला मार’ हे आहे. कारण दाखवून मागितलेली सूट विक्रेत्याला अपमान वाटत नाही, आणि तुम्ही नाणं खरोखर बघितलंय हे त्याला कळतं. पुढच्या वर्षी तोच माणूस खालचा ट्रे काढून दाखवतो.

पैसे देण्याआधी एक प्रश्न : ‘‘खोटं निघालं तर परत घ्याल का?’’ चांगला विक्रेता एका दमात ‘हो’ म्हणतो. महाग वस्तूसाठी बिल घ्या, त्यावर नाण्याचं वर्णन, साल, वजन लिहून घ्या, आणि नाण्याचा होल्डरसह फोटो तिथेच काढा. ‘चांदीचं जुनं नाणं, नग एक’ असं बिल कामाचं नाही. मोठ्या व्यवहारात लक्षात ठेवा, एका दिवसात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे. कोणी ‘रोखच हवी’ म्हणून अडून बसला तर उठा.

लिलाव

फेअरच्या जोडीला बऱ्याचदा लिलाव असतो. पहिल्या वेळी फक्त मागच्या खुर्चीवर बसा. बोली लावायची असेल तर लॉट, म्हणजे लिलावाला ठेवलेलं नाणं, आदल्या दिवशी हातात घेऊन बघा, कॅटलॉगमधल्या फोटोवर जाऊ नका. हातोडा पडतो तो भाव शेवटचा नसतो. त्यावर संस्थेचा प्रीमियम (तिचं कमिशन) आणि कर असतो, टक्केवारी कॅटलॉगच्या अटींत असते. समजा हातोडा दहा हजारांवर पडला आणि वरचं सगळं मिळून पंधरा टक्के असेल तर देणं साडेअकरा हजार. म्हणजे यादीत साडेअकरा लिहिलं असेल तर हात दहालाच खाली आला पाहिजे. शेजारी बसलेला ईर्ष्येने पुढे जात असेल तर त्याला जाऊ द्या. तेच नाणं दोन वर्षांत पुन्हा कुठेतरी दिसतं.

घरची नाणी दाखवायची असतील तर

प्रत्येक फेअरला पिशवीभर नाणी घेऊन आलेले लोक दिसतात. आजीच्या फडताळातले राणीछाप, भोकाचे पैसे, चवल्या-पावल्या-अधेल्या. जरूर न्या, पण दोन गोष्टी करून.

पहिली, ती घासू नका. मी आजीचे तीन रुपये चिंच लावून लखलखीत केले होते. घरात सगळ्यांना आवडले. फेअरमधल्या माणसाने बघून उसासा टाकला आणि चांदीचा भाव सांगितला. शंभर वर्षांत चढलेला काळपट थर हाच नाण्याचा मान होता. माती असेल तर साध्या पाण्यात भिजवून टिपून घ्या, बस.

दुसरी, अपेक्षा जमिनीवर ठेवा. नेहमीच्या सालांचा झिजलेला राणीछाप त्यातल्या चांदीच्या किमतीच्या थोडा वर जातो, एवढंच. एका रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी धरा आणि त्या दिवशीचा भाव बघून या.

आणि दरवर्षी कोणीतरी काकुळतीने पुढे करतो ते ‘१८१८, ईस्ट इंडिया कंपनी’ असं लिहिलेलं रामदरबाराचं किंवा हनुमानाचं नाणं. कंपनीने अशी नाणी कधी पाडली नाहीत, ती देवळाबाहेर विकली जाणारी टोकनं आहेत. ‘हे तांदूळ ओढतं’ म्हणत लाखोंची बात करणारा भेटला तर ती सरळ फसवणूक. वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात हीसुद्धा मोबाइलवरची अफवा. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपल्या नावाने कमिशन किंवा कर मागितला जातोय, पण आपण अशा व्यवहारात नाही, असं रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. ‘आधी प्रोसेसिंग फी भरा’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.

कायदा, चार वाक्यांत

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला शिवराई भेट द्यायची असेल तर ती त्याने इथे येऊन बघावी, सूटकेसमध्ये घालू नये. शेतात किंवा पाया खणताना नाणी सापडली आणि त्यांची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. म्हणून टेबलावर कोणी हळूच ‘परवाच जमिनीतून निघालंय’ म्हणाला तर भाव कितीही कमी असला तरी हात मागे.

लेकरांना नेताय?

न्या. फक्त एका काचेसमोर दहा मिनिटांवर थांबू नका. त्यांच्या हातात शंभर रुपये आणि एक काम द्या : नव्या पैशाचं १९५७ चं नाणं शोधून आण. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे त्याच वर्षी, १ एप्रिलपासून झाले. माझ्या भाचीने ते एका डब्यातल्या चिल्लरीतून पाच रुपयांत काढलं आणि दिवसभर सगळ्यांना ‘नया म्हणजे काय’ विचारत फिरली. १९६४ मध्ये तो ‘नया’ शब्द गेला, हे तिने स्वतः एका विक्रेत्याकडून शोधून काढलं.

व्याख्यानं असतात ती चुकवू नका. संग्राहक आपले संग्रह फ्रेममध्ये मांडतात तिथे तासभर द्या. नाण्याशेजारी लिहिलेली चिठ्ठी कशी लिहावी, विषय कसा उलगडावा, हे तिथे फुकट शिकायला मिळतं.

घरी आल्यावर

त्याच रात्री वहीत नोंद : काय, कुठून, कितीला, वजन, टेबल नंबर. दुसऱ्या दिवसावर टाकलंत की कोणतं कुठलं ते विसरायला होतं.

मऊ, उग्र वासाच्या प्लॅस्टिक पाकिटांतून नाणी लगेच बाहेर काढा. पीव्हीसीच्या त्या पाकिटांनी वर्षभरात तांब्यावर हिरवी चिकट साय येते. पुठ्ठ्याची टू बाय टू होल्डर्स वापरा, पिना चपट्या दाबून, म्हणजे शेजारच्या नाण्याला ओरखडा जाणार नाही. मुंबईची हवा दमट, त्यामुळे डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलायच्या. डबा लाकडी कपाटात नको, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून तर मुळीच नको.

ती ओतीव शिवराई मी फेकली नाही. ती वेगळ्या होल्डरमध्ये आहे, पेन्सिलने ‘खोटी, १५००’ असं लिहून. फेअरला जाताना ती बॅगेत असते. संशय आला की आधी तिच्या कडेवरून बोट फिरवतो, मग समोरच्या नाण्याच्या.